मास्टर पीस

आधीच माफी मागून ठेवते. माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर त्याहून वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घाशी माझा संबंध किराणा मालाच्या यादीपुरता उरला. हे मी जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे आणि लिहून झालं की तांदळाच्या डब्याखाली ठेवणार आहे. तरीही कोणाच्या हाती लागलंच, तर त्याने चुका सोडून द्याव्यात.

आमच्या शेजारचे गेजमामा मात्र सोडणार नाहीत. एकदा माझी यादी त्यांच्या हाती पडली. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढलं. व्हर्नियर म्हणजे लोखंडाची जाडी मोजायची सरकती पट्टी. लोक खिशात पेन ठेवतात तसं मामा ते ठेवतात. यादीवर पट्टी टेकवून, एक डोळा मिटून ते म्हणाले, "साखरेचा स आन साबनाचा स एका मापाचा न्हाई. रीवर्क."

मी लाजून यादी परत घेतली आणि, खोटं कशाला सांगू, घरी जाऊन ती पुन्हा लिहिली.

मामांचं खरं नाव दत्तात्रय, पण काळेवाडीतल्या आमच्या गल्लीत ते सांगितलं तर कोणी घर दाखवणार नाही. महाळुंग्याच्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकायच्या खात्यात, तपासनीस होते. पत्र्याला पाडलेलं भोक बरोबर आहे की नाही हे पाहायचा एक लोखंडी दांडा असतो, त्याला गेज म्हणतात. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली तरी माल वाया, दोन्ही अडली तरी माल वाया. मामांनी हा दांडा इतकी वर्षं हातात धरला की नंतर त्यांना जग त्याच्यातूनच दिसायला लागलं. त्यांच्या जगात तीन ट्रे होते. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे रीवर्क, लाल म्हणजे रिजेक्ट. हिरवा ट्रे बहुतेक रिकामाच असायचा.

मी त्यांना दुपारचा डबा विकत द्यायचे. दोन भाकऱ्या, कालवण, कांदा. भाकरी हातात आली की आधी मोजायची.

"कडंला तीन, मधी साडेतीन. रीवर्क."

"मामा, आता काय ती परत तव्यावर टाकू? खाऊन टाका."

"खातो. पन नोंद घे."

हे 'नोंद घे' त्यांचं लाडकं वाक्य. नळाला पाणी उशिरा आलं, नोंद घे. बस वेळेवर आली, तरीही नोंद घे. नोंद कुठे घ्यायची ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कोपऱ्यावरचा वडापाववाला त्यांना लांबून पाहिलं की ओरडायचा, "ए, मामा आले रे, वडे झाका!" कारण मामा एक वडा घेण्यासाठी सहा वडे मोजायचे. लग्नाला बोलावलं तर आहेराच्या पाकिटावर नावाखाली लिहायचे, 'रुपये एकशे एक. तपासले.'

माझं लग्न होऊन मी या गल्लीत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याकडे डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं आणि माझ्यादेखत निकाल दिला, "रिजेक्ट." मला फार राग आला होता. त्याच निकालावर यायला मला अकरा वर्षं लागली. त्या वर्षांत त्याच्यापायी माझी जोडवी आणि कुकर गेला, आणि शेवटी नवराही चाकणला दुसरं घर मांडून मोकळा झाला. मामा त्यावर काही बोलले नाहीत. फक्त आधी एक भाकरी घ्यायचे, ते दुसऱ्या दिवसापासून दोन घ्यायला लागले आणि पैसेही दोनाचे द्यायला लागले.

त्यांची नोकरी कशी गेली ते आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एकदा मालाची एक आख्खी लॉट त्यांनी लाल ट्रेमध्ये टाकली. नवीन आलेले साहेब म्हणाले, "मामा, असं करा, हे पीस दुसऱ्या लॉटमध्ये थोडे थोडे मिसळा आणि ओकेचा शिक्का मारा. एवढ्यात पाच-दहा गेले तर कोणाला कळतंय?"

मामा म्हणाले, "मला."

एवढंच म्हणाले. साहेबांनी त्यांना आठ दिवसांची सुट्टी दिली. सुट्टी संपवून गेले, तर गेटवर त्यांचं कार्ड लागेना. एकतीस वर्षं काम करूनही कागदावर ते ठेकेदाराचे होते, आणि ठेकेदार त्या आठ दिवसांत बदलला होता. त्या लॉटचे गाडीचे भाग कुठल्या गाड्यांना लागून कुठे फिरत असतील देव जाणे.

त्यांचा मुलगा नाशिकला एका कंपनीत साहेब आहे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, एक शिक्का मारला असता तर काय बिघडलं असतं?" मामांनी फोन ठेवला. त्याच सुमारास सुनेचं बाळंतपण आलं, म्हणून त्यांच्या पत्नी कुसुममामी दोन महिन्यांसाठी नाशिकला गेल्या. ते बाळ आता बालवाडीत जातं. मामींचे दोन महिने अजून संपायचे आहेत.

तेव्हापासून मामांची झोप गेली. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकाच विटेची भिंत आहे, त्यामुळे मला हे सांगायला कोणी लागलं नाही. ते रात्रभर तूरडाळ निवडत बसायचे. खडे नाही निवडायचे; मोठी डाळ वेगळी आणि लहान वेगळी. डब्यात दाणे पडल्याचा आवाज येत राहायचा. सकाळी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नटबोल्ट मोजून द्यायचे, त्याचे थोडे पैसे मिळायचे. एके दिवशी त्यांनी डबा परत केला आणि म्हणाले, "सध्या ऑर्डर बंद."

फुकट तर ते खाणार नाहीत. मी चार दिवस विचार केला आणि माझ्या कामाच्या ठिकाणची गोष्ट त्यांच्या कानावर घातली. आज वाटतं, घातली नसती तर बरं झालं असतं.

मी साफसफाईला जाते ते मेंदूचे फोटो काढायचं केंद्र आहे. तिथे आजार बरा करत नाहीत. माणसाला एका मोठ्या गोल मशीनमध्ये सरकवतात आणि तो झोपतो, चेहरे बघतो, घाबरतो, तेव्हा मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात रक्त जास्त धावतं ते पाहतात. मॅडम म्हणतात, जिथे काम चालू तिथे रक्त धावतं. माझं काम म्हणजे लादी पुसणं, चादरी बदलणं आणि आत जाणाऱ्याच्या अंगावरचं लोखंड ट्रेमध्ये काढून घेणं. सगळे मला मावशी म्हणतात. मॅडम माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत, त्यासुद्धा मावशी म्हणतात.

त्या वेळी झोपेचा अभ्यास चालू होता. दुपारी जेवून यायचं, डोक्याला तारांची टोपी घालायची, मशीनमध्ये झोपायचं. एका वेळेचे पंधराशे रुपये. भिंतीवर कागद लावला होता: 'निरोगी आणि रोज चांगली झोप लागणाऱ्या व्यक्ती पाहिजेत.'

मी मामांना म्हटलं, "तिथे विचारतील, झोप लागते का. लागते म्हणा."

"लागत न्हाई."

"पंधराशे देतात मामा. नुसतं पडायचं."

"पडल्यावर झोप लागली न्हाई तर?"

"कोणालाच लागत नाही तिथे, इतका आवाज असतो. तरी पैसे देतात."

त्यांनी व्हर्नियर काढून उगाच सरकवलं. मग मी म्हटलं, "तुमचा डबा बंद झाल्यापासून मलाही अडचण आहे." हे खरं होतं की खोटं, ते मला आजही सांगता येत नाही. पण मामा आले ते या वाक्यामुळे.

मॅडमनी फॉर्म भरायला घेतला. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, असं विचारलं, कारण ते मशीन लोखंड ओढतं. मामा म्हणाले, "माझ्या न्हाई. मी गॉगल लावायचो. न लावनाऱ्याला मी लाइनवरनं हाकलायचो." मॅडम हसल्या. मग विचारलं, "रोज किती तास झोप?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोचा पिळत होते.

"सात," मामा म्हणाले.

एकतीस वर्षांत त्यांनी मारलेला तो पहिला खोटा शिक्का. आणि शाई माझी होती.

मग मी ट्रे पुढे धरला. वरच्या खिशातून व्हर्नियर निघालं, पँटच्या एका खिशातून गेज, दुसऱ्यातून पोलादी पट्टी, मागच्या खिशातून आणखी एक छोटा गेज. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "काका, आत युद्धाला चाललात का?"

"हत्यारं टाकून युद्धाला जात्यात व्हय?" मामा म्हणाले आणि आत गेले.

त्या मशीनचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. कानात बोळे घातले तरी आधी बारीक टकटक, मग गुरगुर, मग कोणी पत्र्यावर घण घालावा तसा धडधडाट. लोक अर्ध्यातून घंटी दाबून बाहेर येतात. मामा मात्र थोड्याच वेळात झोपले. पडद्यावर त्यांच्या मेंदूच्या लाटा मोठ्या आणि संथ झाल्या. मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "ही खरी गाढ झोप! मशीनमध्ये! असा माणूस शोधून मिळत नाही." मशीनवरचा मुलगा म्हणाला, "प्रेस शॉपचा माणूस आहे ना मॅडम. घरी आल्यासारखं वाटलं असेल." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

दीड तासाने बाहेर काढलं तेव्हा मामा बराच वेळ टेबलावर बसून राहिले. डोक्याला चिकट जेल, केस उभे. म्हणाले, "कंचा वार हाय?"

मॅडम त्यांना म्हणाल्या, "मामा, तुम्ही आमचे कंट्रोल."

मामा ताठ झाले. "क्वालिटी कंट्रोल?"

"तसं नाही. ज्यांची झोप चांगली असते त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. ज्यांना झोप लागत नाही, त्यांचा मेंदू तुमच्या मेंदूशी ताडून पाहायचा. म्हणजे फरक कुठे आहे ते कळतं."

"आसं सांगा की. मास्टर पीस."

मॅडमना कळलं नाही. मामांनी सांगितलं, "कंपनीत काचंच्या कपाटात एक पीस ठेवत्यात. कुलपात. त्यो बरोबरचा पीस. बाकीचा माल त्याच्याशी लावून बघायचा. मास्टर पीसला कुनी हात लावत न्हाई."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मास्टर पीस."

त्या दिवशी मामा काळेवाडीपर्यंत बसमध्ये उभे राहून आले. जागा होती, तरी बसले नाहीत.

पुढे तीन महिने गल्लीला दुसरा विषय नव्हता. मॅडमनी त्यांना मेंदूचा एक फोटो छापून दिला होता. तो त्यांनी प्लॅस्टिक चढवून कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला. समोरच्या काकू बघून म्हणाल्या, "फ्लावर चांगलाय, कुठून आणला?" वडापाववाला म्हणाला, "मामा, तुमच्या मेंदूची एक झेरॉक्स द्या ना, गल्ल्यावर लावतो." मामा त्याला म्हणाले, "ह्ये मेंदूचं मास्टर हाय. तुज्याकडं लावून बघायला आधी तुज्याकडं काहीतरी पायजे." लोक हसले, मामा हसले नाहीत. त्यांना ते अक्षरशः खरं वाटत होतं. डबा पुन्हा सुरू झाला. पंधरा दिवसांनी एकदा केंद्रावर जायचं, म्हणून ते आदल्या दिवशी दाढी करायचे. रात्री डाळीचा आवाज मात्र तसाच चालू होता. तो मला ऐकू यायचा आणि मी कूस बदलायचे.

तिसऱ्या खेपेपासून झोपायच्या आधी त्यांना चेहरे दाखवायला लागले. आनंदी, रागावलेले, घाबरलेले, दुःखी, आणि काही नुसतेच साधे. कुठला कसा वाटतो, त्याप्रमाणे बटण दाबायचं. मामांनी बाकीचे बरोबर ओळखले, पण साधे चेहरे आले की दुःखीचं बटण दाबलं. एक नाही, सगळे.

बाहेर आल्यावर मॅडमनी कागदावर एक चेहरा दाखवला. "मामा, हा साधा चेहरा आहे. याला काहीच झालेलं नाही."

"मॅडम, नीट बघा. त्याच्या घरी कुनी न्हाई."

"अहो, तो मॉडेल आहे. पैसे देऊन फोटो काढलेला."

"मग पैसं कमी दिल्यात."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी लादी पुसता पुसता तो फोटो पाहिला. मला तो माणूस साधाच वाटला. मग मी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोही साधाच होता.

सहा खेपा झाल्या. सातव्या खेपेला बाकावर मामांच्या शेजारी एक पोरगी बसली होती. महाळुंग्यालाच कामाला, दर आठवड्याला दिवसपाळी-रात्रपाळी बदलणारी, डोळ्यांखाली काळं पडलेलं. ती दुसऱ्या यादीतली होती, झोप न लागणाऱ्यांच्या. तिने मामांना विचारलं, "काका, तुम्हीच का ते मशीनमध्ये पण घोरणारे? मॅडम सांगत होत्या."

"मी घोरत न्हाई," मामा म्हणाले. "झोपतो."

"भारी आहे तुमचं. मला पडल्या पडल्या छताचे पत्रे मोजायला लागतात. कंपनीचा डॉक्टर म्हणतो, नाटक करते. आई म्हणते, बाहेरचं आहे. आता माझं तुमच्याशी लावून बघणार म्हणे." ती हसली, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. "तुमच्या पुढे माझं डोकं फिरलेलंच निघणार, नाही का?"

मामांनी तिच्या डोळ्यांखालचं काळं पाहिलं. त्यांचं नाव पुकारलं. मी ट्रे धरला. त्यांनी व्हर्नियर ठेवलं, दोन्ही गेज ठेवले, पट्टी ठेवली. मग टेबलाकडे न जाता तिथेच उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्यो पीस चुकीचा हाय."

"कोणता?"

"मी. मला झोप लागत न्हाई. तीन वर्षं झाली. सात तास म्हनालो, ते खोटं."

मशीनवरचा मुलगा हसायला लागला आणि मॅडमचा चेहरा बघून थांबला. मॅडम खुर्चीत बसल्या. "मामा, सहा वेळा?"

"सहा."

"कळतंय का, काय झालं ते? जो माणूस रात्र रात्र जागा असतो, तो इथे आल्यावर दगडासारखा झोपणारच. ती झोप आम्ही नॉर्मल धरली. तिच्यापुढे बाकीच्यांची आहे त्याहून वाईट दिसली असती."

"म्हनून सांगाय लागलो. काडून टाका सगळं माझं. त्या भाइरच्या पोरीचा निकाल लागला का?"

"नाही अजून."

"मग टायमात हाय," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा खांदा सैल पडला.

मॅडम चिडल्या होत्या आणि त्यांचा हक्क होता. त्यांनी विचारलं, "पण का? तुमच्यासारखा माणूस? कोणी शिकवलं तुम्हाला असं सांगायला?"

मी दारात पोचा घेऊन उभी होते. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शिक्का माझ्या हातात हुता," ते म्हणाले. "मीच मारला."

मी बोलले नाही. लहानपणापासून सगळे म्हणतात, सुनंदा लाजाळू आहे. त्या दिवशी ती लाज नव्हती. कामावरून काढतील, ही भीती होती. जे तोंडाने सांगता आलं नाही, ते इथे वाईट अक्षरात लिहिते आहे.

जरा शांत झाल्यावर मॅडमना दया आली. म्हणाल्या, "असं करूया मामा. तुम्हाला खरंच झोप लागत नाही ना? मग दुसऱ्या यादीत घेते तुम्हाला. तुम्हाला इथे झोपही मिळेल आणि पैसेही मिळतील."

मला वाटलं, सुटलो. पण मामांनी एक एक हत्यार उचलून खिशात घालायला सुरुवात केली होती.

"एका लॉटचा रिजेक्ट पीस दुसऱ्या लॉटमधी मिसळायचा न्हाई, मॅडम. ह्याच्यावरनंच माझी कंपनी सुटली."

आणि ज्या एका जागी त्यांना झोप लागत होती, तिथून ते आपल्या पायांनी बाहेर आले. सहा खेपांचे नऊ हजार परत करतो, असं दारातून सांगून.

पैसे परत करणं किती अवघड असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. महिन्याने मामा पंधराशे घेऊन हिशेबाच्या खोलीत गेले. तिथले साहेब म्हणाले, "आमच्याकडे पैसे द्यायचं व्हाउचर आहे. घ्यायचं नाही."

"मग छापा."

"अहो मामा, कोणी मागितलेत का तुमच्याकडे? मॅडमनी सोडून दिलं."

"मी कुठं सोडलंय?"

"बरं, देणगी म्हणून लिहू?"

"देनगी न्हाई. परत."

दुपारी दोनला गेलेले मामा पाच वाजता बाहेर आले. साहेबांनी कंटाळून 'इतर जमा' असं लिहून पावती दिली होती. दर महिन्याला एका खेपेचे पैसे, असं त्यांनी ठरवलं. नटबोल्टांच्या दुकानात दोन तास जास्त बसायला लागले आणि डब्यातली एक भाकरी बंद केली. मी उरलेली एक भाकरी जाड थापली. व्हर्नियर निघालंच.

"सहा मिलिमीटर. ह्यी काय भाकर हाय का पाट? रिजेक्ट."

"परत घेणार नाही मी. खायची तर खा."

"खातो. पन नोंद घे."

एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, अर्धे पैसे माझे. सांगितलं मी होतं." ते डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तुजं अक्षर आधी सुदार, मग भागीदारी कर." मी जे बोलले, त्याला त्यांनी असं उत्तर दिलं. मला राग यायला हवा होता.

आता दुपारी ते भोसरीच्या बाजूला कुठल्याशा लहान कारखान्याच्या भिंतीला टेकून बसतात, असं कोणीतरी सांगितलं. मला वाटलं, मशीनच्या आवाजाने झोप लागते म्हणून जात असतील. विचारलं तर म्हणाले, "जाऊन बघितलं. न्हाई लागत. त्यो आवाज न्हाई." मला कळलं नाही. आवाज तो नाही, म्हणजे कुठला पाहिजे?

ते गेल्या आठवड्यात कळलं. मामा शेवटचे पंधराशे घेऊन आले होते. मॅडम मुद्दाम हिशेबाच्या खोलीत आल्या. मी टेबलं पुसत होते. साहेबांनी नोटा मोजल्या. मामांनी दुसऱ्या खिशातून आणखी तीन नोटा काढून मॅडमपुढे ठेवल्या.

"ह्ये येगळे पंधराशे. तुमच्याच दरानं. एक डाव आत झोपू द्या. अभ्यासात धरू नका, टोपी नको, कागूद नको. नुसतं मशीन चालू करा."

साहेब मोठ्याने हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मामा, तसं नाही हो चालवता येत. नियम आहेत."

"नियम हाय तर ऱ्हाऊ द्या," मामा लगेच म्हणाले आणि नोटा उचलल्या.

"आवाज रेकॉर्ड करून देऊ का मोबाइलवर? प्रेससारखा वाटतो म्हणूनच झोप लागते ना?"

मामांना ते अपमानासारखं लागलं. "प्रेसवर मी एकतीस वर्षांत मिनिटभर झोपलो न्हाई. ड्यूटीवर झोपतंय व्हय कुनी?"

"मग?"

मामा चपलेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नोंद घ्यायला सांगतील.

"आमची मंडळी घोरती," ते म्हणाले. "आगदी असंच. आधी तीन बारीक, मग एक मोठा, मग बंद. बंद झालं की मी डोळं उघडायचो. चालू हाय ना, म्हनून बघायचो. मग परत सुरू. की मी परत झोपायचो. तुमचं मशीन बी मधी थांबतंय बघा." मग म्हणाले, "आख्खा संसार तिला ढोसून ढोसून म्हनायचो, रिजेक्ट, कूस बदल."

मॅडमनी मोबाइल हातात घेतला. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "तेवढं रेकॉर्डिंग घ्या तरी."

"नको. रेकॉर्ड थांबलं तर काळजी वाटत न्हाई."

"मग फोन करून बोलवा ना मामींना."

"काय म्हनून बोलवू? घोरायला ये म्हनू?"

साहेबांनी पुन्हा हसायची तयारी केली होती, पण मॅडमकडे पाहून पावतीपुस्तक ओढलं. इतर जमा, रुपये पंधराशे. मामा म्हणाले, "खाली लिहा, नऊ हजार पूर्ण." साहेबांनी लिहिलं, पावती फाडली, दिली.

मामांनी ती उजेडात धरली. मी त्यांच्या खांद्यामागून पाहिली. साहेबांनी 'पुर्ण' लिहिलं होतं, ऱ्हस्व. मला दिसलं, म्हणजे मामांना दिसलंच. त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला, व्हर्नियरवर थांबला. मी वाट पाहत होते, आता म्हणतील रीवर्क.

त्यांनी पावतीची घडी घातली.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "पैसं बराबर हायत."